बाहेरची खोली

सिस्टरबाई स्वतःच्या खोलीत शिरण्याआधी दारात उभ्या राहत आणि विचारत, “येऊ का?” खोलीत कोणी नसे. कुलूप त्यांनीच काढलेलं असे. तरीही त्या उंबऱ्याबाहेर पाय जुळवून थांबत. भिंतीपलीकडे भाकरी थापत किंवा डाळ निवडत बसलेली माझी आई हातातलं काम न सोडता “ये” म्हणे, तेव्हाच त्या आत जात. आई घरी नसली तर ओट्यावर बसून राहत. गावातल्या लोकांना ही त्यांच्या देशाची रीत वाटे. ती त्यांच्या देशाची रीत नव्हती. ती सवय त्यांना आमच्या घरात लागली होती. कशी लागली हे सांगायचं तर त्यांना राहायला जागा कशी मिळाली तिथपासून सुरुवात करावी लागेल.

आमचं गाव तापीकाठचं, शहादे तालुक्यातलं. तेव्हा हा सगळा मुलूख पश्चिम खानदेश म्हणून ओळखला जाई. दूरच्या एका मिशन दवाखान्यानं समुद्रापलीकडच्या कुठल्याशा बर्फाळ देशातून एक नर्स नोकरीवर आणली होती. नदीकाठच्या गावांपैकी एकात तिनं लहानसा दवाखाना उघडावा असं ठरलं होतं. त्यांचं खरं नाव लांबलचक होतं आणि ते गावात कोणालाच म्हणता आलं नाही. त्यांच्या बरोबर आलेला माणूस त्यांना सिस्टर म्हणाला, गावानं त्याला बाई जोडली, आणि त्या सिस्टरबाई झाल्या.

मी तेव्हा गावच्या शाळेत मास्तर होतो. मॅट्रिक झालेलो असल्यानं मला इंग्रजी येतं असा गावाचा समज होता. म्हणून पोलीस पाटलांनी मला बोलावून सांगितलं, “मास्तर, ह्या बाईसंगे जरासा फिर. तिले खोली पाह्यजे.” दवाखान्याची अट साधी होती. दिवाळीपर्यंत गावात जागा मिळाली तर बाईंनी राहावं, औषधं पाठवली जातील. नाही मिळाली तर त्यांनी मुख्य दवाखान्याच्या वसतिगृहात परत यावं. आमच्या गावाहून पावसाळ्यात शहाद्याला जायचं तर वाटेतले नाले उतरेपर्यंत थांबावं लागे. अडलेली बाई तेवढं थांबू शकत नसे. त्या वर्षी आमच्या गल्लीतल्या दोघी बाळंतपणात गेल्या होत्या.

सिस्टरबाईंची गरज वेगळी होती. मला ती पुढे कळली. लहानपणीच त्यांची आई गेली, वडील बोटीवर. शिक्षण बोर्डिंगात, नर्सचं शिक्षण वसतिगृहात, नोकरी लागली तीही वसतिगृहातच. एकदा त्या म्हणाल्या, “मास्तर, मी आयुष्यभर घंटा वाजल्यावर जेवले आहे. मला असं दार हवं आहे, ज्याच्या आत घंटा नाही.”

जागा शोधायला निघालो तेव्हा पहिली अडचण त्यांच्या मराठीची आली. त्या एक वर्ष कुठल्याशा थंड हवेच्या ठिकाणी शुद्ध मराठी शिकून आल्या होत्या. गावात सगळे अहिराणी बोलणारे. ओट्यासमोर उभ्या राहून त्या म्हणायच्या, “नमस्कार. मला निवासासाठी एक खोली हवी आहे.” ते ऐकून बाया पदर सावरून आत पळायच्या. एका म्हातारीनं मला बाजूला घेऊन विचारलं, “मास्तर, हाई बाई मामलेदारनी बोली बोलस. जप्ती उनी का काय?”

गावात खोल्या नव्हत्या असं नाही. एका मोठ्या घरी पुढची खोली सबंध रिकामी दिसत होती. घरधनी म्हणाले, “खोली शे, पन तिनामा आते कापूस भरना शे. कापूस जावू द्या, मंग इचार करूत.” कापूस जिनिंगला गेला. आम्ही पुन्हा गेलो, तर मिरची येणार होती. मिरचीनंतर भुईमूग होताच. घरधनी माणूस वाईट नव्हता. दर वेळी त्यानं आम्हाला चहा पाजला, ओट्यावरच, पण पाजला. परतताना सिस्टरबाई म्हणाल्या, “या गावात खोली मिळण्यासाठी आधी पीक व्हावं लागतं.”

एका एकट्या म्हातारीला सोबत हवी होती. तिनं सिस्टरबाईंना आपल्याजवळ बसवून घेतलं. हात हातात घेऊन गोरी कातडी चोळून पाहिली, रंग निघतो का ते. मग विचारलं, “तुन्हा नवरा कोठे शे?”

“मला नवरा नाही.”

“मरी गया का?”

“नाही. माझं लग्नच झालं नाही.”

म्हातारीनं हात सोडला. मग खऱ्याखुऱ्या हळहळीनं म्हणाली, “मरी गया ऱ्हाता ते बरं व्हतं, माय. लोकेसले काही सांगता तरी उनं ऱ्हातं.”

दुकानदारानं त्या काय खातात ते विचारलं. त्या म्हणाल्या, “आपण जे खाता तेच मी खाईन.” तो म्हणाला, “मंग आम्ही काय खावूत?” त्यावर दुकानातले सगळे हसले, सिस्टरबाईही हसल्या. खोली मिळाली नाही.

खरं कारण कोणी तोंडावर बोलत नव्हतं. ही बाई नाळ कापणार. रक्तानं माखलेले हात घेऊन कधीही परत येणार. आमच्याकडे सुईण गावाच्या कडेला राही. तिला बोलावलं की ती मागच्या दारानं येई आणि मागच्या दारानं जाई. तिचं लुगडं, धान्य ओट्यावर ठेवलं जाई. अशा बाईला देवघराच्या भिंतीला लागून जागा कोण देणार? लोक आजारी पडल्यावर तिच्याकडे जायला तयार होते. ती शेजारी नको होती.

या काळात त्या कोंडवाड्याच्या राखणदाराच्या खोलीत राहत होत्या. चुकार गुरं कोंडायची जागा ती. राखणदार गावात घरी झोपे, म्हणून खोली मोकळी होती. रात्रभर बाहेर गुरं हंबरत. सकाळी मी गेलो की त्या कंदिलाची काच पुसत बसलेल्या असत. “काल एक म्हैस सुटली,” त्या सांगत. “तिचे धनी आले, दंड भरला, घेऊन गेले. माझे धनी कोण, ते राखणदार रोज विचारतो.” हे त्या विनोदानं सांगत. पण दिवाळी जवळ येत चालली तसा त्यांच्या बोलण्यातला विनोद कमी होत गेला. एके दिवशी त्यांची हिरवी पत्र्याची पेटी बांधून ठेवलेली मला दिसली.

त्या संध्याकाळी मी घरी जेवताना हे बोललो. आई चुलीपुढे होती. माझे वडील मी लहान असतानाच गेले. आईनं शेत वाट्यानं लावून मला शिकवलं होतं. ती फार बोलत नसे. तिनं भाकरी उलटली आणि म्हणाली, “बाहेरली खोली शे ना आपली.”

बाहेरची खोली म्हणजे ओट्याला लागून असलेली वडिलांची बैठक. रस्त्याकडे तिला स्वतंत्र दार होतं, पण आढं एकच. वडील गेल्यापासून ती बंद होती. मी म्हणालो, “लोक काय म्हणतील?” आईनं जे उत्तर दिलं त्यात दयामाया काही नव्हती. “मले कोनी सवाशिनीसमा बसू देत नई. लगनघरमा मी मांगे. तिले खोली दीसन मन्हं आखो काय जाई?”

दुसऱ्या दिवशी तिनं सिस्टरबाईंना अंगणात उभं करून अटी सांगितल्या. “मटन-मच्छी घरमा नई. बाळंतपन करीसन उनी की मांगे न्हानीमा आंग धोवानं, मंग दारशी येवानं. मी ‘ये’ म्हनसू तवयच मझार.” मझार म्हणजे आत, हे मी सांगेपर्यंत सिस्टरबाईंनी मान हलवलीही होती. “आनि कानबाईना रोट व्हतीन तवय आपली पेटी लीसन बाहेर.”

“कानबाई कोण?” सिस्टरबाईंनी मला विचारलं.

कानबाई हे आमच्या खानदेशातल्या घराघरांतलं दैवत. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाच्या रूपानं तिची स्थापना होते आणि सोमवारी बाया तिला डोक्यावर घेऊन नदीवर पोचवतात. रविवारी गव्हाच्या जाड पोळ्यांचा नैवेद्य असतो, तो रोट. आमच्या कुळात रोट फक्त भाऊबंदांनी खायचे. सासरी गेलेल्या लेकीलाही त्यातला घास नाही, आणि त्या वेळी घराच्या आढ्याखाली परकं माणूस चालत नाही. घरात सुतक असेल तर रोट होत नाहीत. आमची शाखा थोरली, म्हणून सगळ्या भाऊबंदांची कानबाई आमच्या घरी बसे. पूजा पुढे माझी पत्नी करू लागली, पण सगळी माणसं आईच्या ओट्यावर येत, तिच्या पाया पडत, रोट भाजले का म्हणून तिला विचारत. एरवी लग्नामुंजीत मागे बसणारी माझी आई त्या एका दिवशी घराची थोरली असे. तिला तेवढाच एक मान उरलेला होता. हे मी सिस्टरबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “मग मी जरूर बाहेर जाईन.”

त्या आमच्याकडे राहायला आल्या त्या दिवशी आमच्या चौकटीवर त्यांचं कपाळ आपटलं. त्या फार उंच होत्या आणि आमची दारं ठेंगणी. नंतर कित्येक दिवस हे चाललं. डाव्या भुवईवर त्यांना एक कायमचा वण पडला. शेवटी आईनं चौकटीच्या वरच्या लाकडाला जुन्या गोधडीचा तुकडा ठोकला.

दवाखाना ओट्यावरच सुरू झाला. पहिल्या वर्षी बाया रात्र पडल्यावर येत, दुसऱ्या वर्षी दिवसा येऊ लागल्या. सिस्टरबाई आईजवळ बसून अहिराणी शिकल्या, पण ती त्यांच्या शुद्ध मराठीत कालवून बोलत. “आपलं पोट कसं शे?” असं त्या थोरामोठ्यांना विचारत आणि पोट दुखत असतानाही माणूस हसे. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि ठेचा त्या आनंदानं खात, डोळ्यांतून पाणी काढत. उन्हाळ्यात त्यांची मान भाजून सोलून निघे. तेव्हा त्या ओला पंचा डोक्यामानेला गुंडाळून फिरत, आणि बाया म्हणत, “बाईनी सासू मरनी का काय, डोकावर पानी लीसन फिरस.” बाळंतपण करून आल्या की मागे न्हाणीत थंडीवाऱ्यात अंग धुवायचं, मग ओल्या केसांनी पुढच्या दारी यायचं आणि “येऊ का?” हा नेम मात्र कधी चुकला नाही. थोड्या दिवसांनी त्या बाजारातून आल्या तरी विचारू लागल्या, नदीवरून आल्या तरी विचारू लागल्या. मी एकदा म्हणालो, “आता विचारायची गरज नाही.” त्या म्हणाल्या, “गरज नाही, मला माहीत आहे. पण मास्तर, कोणीतरी आतून ‘ये’ म्हणतं ना, ते मला ऐकायचं असतं.”

दर श्रावणात पेटी निघे. शनिवारी सकाळी मी आणि त्या हिरवी पेटी दोन्ही बाजूंनी धरून शाळेत नेत असू. सोमवारी कानबाई पोचवून झाली की पेटी परत. वाटेत पोरंटोरं आणि बाया ओरडत, “कानबाई उनी, बाई चालनी!” सिस्टरबाई मोकळ्या हातानं त्यांना नमस्कार करत. शाळेच्या पत्र्यावर पाऊस वाजत असे आणि त्या माझ्या टेबलावर कंदील ठेवून वाचत बसत. आमच्या घरातली गाणी तिथवर ऐकू येत. रविवारी मी छत्री घेऊन त्यांच्याकडे एक फेरी मारून येई.

आमचं पहिलं बाळ त्यांच्या हातावर जन्मलं. मुलगा होता. माझी पत्नी दोन दिवस अडली होती. सिस्टरबाई नसत्या तर ती राहिली नसती, हे मला आजही माहीत आहे. सगळं आटोपल्यावर त्या मागच्या दारानं गेल्या, न्हाणीत अंग धुतलं आणि पुढे येऊन उभ्या राहिल्या. आईच्या मांडीवर नातू होता. “ये व माय,” आई म्हणाली, “आते काय इचारस?”

बाळ आठवडाही जगलं नाही. सिस्टरबाईंनी जे करता येईल ते केलं. ते फार नव्हतं. एवढ्याशा जिवाचं सुतक ते काय, म्हणून भाऊबंद येऊन उभ्या उभ्या बोलून गेले. शेजारच्या घरात त्याच दिवशी पापड लाटणं चालू होतं. त्यात कोणाचं चुकलं असं मी म्हणत नाही. तेव्हा घरोघरी मुलं जात होती. पण आईनं संध्याकाळी मला हळूच बोलावून बाहेरच्या खोलीकडे बोट दाखवलं. “तिनी चूल पेटाडी नई.” सिस्टरबाई जमिनीवर बसल्या होत्या, केस मोकळे, शेगडी थंड. दुसऱ्या दिवशीही तसंच. आईनं शेवटी दारात जाऊन विचारलं, “तुले कसानं सुतक, बाई?”

त्या म्हणाल्या, “मी या घरात राहते.”

आई आत आली. थोड्या वेळानं तिनं शेजारणीनं आणून दिलेल्या पिठल्या-भाकरीचे दोन भाग केले आणि एक भाग झाकून त्यांच्याकडे नेला. त्या दोघी भिंतीला टेकून एकाच ताटात जेवल्या. मी असं पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

पुढची काही वर्षं बरी गेली. पत्नीला दोन मुली झाल्या, दोघीही सिस्टरबाईंच्या हातावर, दोघीही जगल्या. मिशन दवाखान्यानं त्यांना एकदा वरच्या जागेवर बोलावलं, बंगल्यात राहायला. त्यांनी नाही म्हणून कळवलं. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, “तिथे घंटा आहे.”

मग तो श्रावण आला. त्या वर्षी पाऊस लवकर लागला आणि लागून राहिला. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांत पटकीची साथ होती. शनिवारी पेटी न्यायला मी गेलो तेव्हा सिस्टरबाई बॅग भरत होत्या. म्हणाल्या, “शाळेत बसून काय करू? असंही बाहेरच राहायचं आहे. पाड्यावर जाऊन येते, सोमवारी परत.” पाड्यावरचा रूपसिंग नावाचा एक पावरा आदिवासी गडी गाडी घेऊन आला होता. आई ओटा सारवत होती. सिस्टरबाई तिला म्हणाल्या, “माय, मी सोमवारी येईन.” आईनं शेणाचा हात वर करून निरोप दिला. पेटी मी एकट्यानं शाळेत नेली.

रविवारी दुपारी कानबाई बसली होती. रोट भाजून तयार होते. घरभर तुपाचा आणि गव्हाचा वास भरला होता. भाऊबंद ओट्यावर जमले होते, आई नव्या पांढऱ्या लुगड्यात दाराशी बसली होती आणि एकेक जण येऊन तिच्या पाया पडत होता. त्या वेळी गल्लीच्या तोंडाशी गाडी दिसली. बैल गुडघ्यांपर्यंत चिखलानं माखलेले. रूपसिंग पुढे चालत होता, गाडीत बसला नव्हता. त्यावरूनच मला कळलं.

शुक्रवारपासूनच त्यांचं पोट बिघडलेलं होतं, असं तो म्हणाला. शुक्रवारी त्या आमच्याच गावात होत्या. म्हणजे कुठून लागण झाली देव जाणे. पाड्यावर पोचल्यावरही त्या लोकांना पाणी पाजत फिरल्या. शनिवारी संध्याकाळी उठेनात. “फाट्यावर मी विचारलं,” रूपसिंग सांगत होता, “बाई, दवाखाना का घर? एक वाट तिकडं, एक इकडं. बाई बोलली, घर. मी बोललो, कोणतं घर? बाई बोलली, मायचं.” मग नाल्याला पूर आला. पाणी उतरेपर्यंत गाडी काठावर थांबली आणि तिथेच त्या गेल्या. “मग पण मी घरीच आणली,” तो म्हणाला. “बाई तसं बोलली होती.”

गाडी आमच्या दारापुढे उभी राहिली. आमच्याकडे गावाबाहेर मेलेलं माणूस वेशीच्या आत आणत नाहीत, उंबऱ्याच्या आत तर नाहीच. त्यात पटकीचं मढं, आणि घरात कानबाई. माझे चुलतकाका सगळ्यांत पुढे बसले होते. ते उठून आईजवळ आले आणि अगदी हळू, समजुतीच्या आवाजात बोलले. त्यांचा आवाज मला अजून ऐकू येतो, कारण त्यात राग अजिबात नव्हता.

“वहिनी, इचार करा. बाई चांगली व्हती, आम्हले बी वाईट वाटस. पन ती परकी शे. परकानं सुतक ऱ्हास नई. गाडी तशीच मिशनले जावू द्या. रोट बी ऱ्हातीन, कानबाई बी ऱ्हाई. काही बिघडाव नई.”

ते खरं होतं. सिस्टरबाई परक्या ठरल्या की काहीच बिघडत नव्हतं. आमच्या रीतीत तशी सोय होती. आई गाडीकडे पाहत होती. गाडीवर घोंगडी टाकलेली होती आणि सिस्टरबाई उंच होत्या म्हणून पाय बाहेर आले होते. पाऊस त्या पायांवर पडत होता.

आई उठली. म्हणाली, “ती ह्या घरमा ऱ्हास. आमले सुतक लागनं.”

काका म्हणाले, “वहिनी, एक डाव बोलनात ते माघारे लेता येवाव नई.”

“मले ठाऊक शे,” आई म्हणाली.

मग फार काही झालं नाही. आरडाओरडा झाला नाही. काकूंनी आत जाऊन कानबाईचा नारळ पदरात घेतला आणि मागच्या दारानं आपल्या घरी नेला. सुतक तुमचं, आमचं नाही, असं काका म्हणाले आणि भाऊबंद एकेक करून ओट्यावरून उतरले. त्यातल्या काहींना सिस्टरबाईंच्याच औषधानं उठवलेलं होतं. ते खाली मान घालून गेले. माझी पत्नी रिकाम्या पाटाकडे पाहत उभी राहिली, मग तिनं दिवा शांत केला. पुढच्या दारानं मी, रूपसिंग आणि शाळेतला शिपाई असे तिघं फळीवरून सिस्टरबाईंना आत नेत होतो. चौकटीशी आल्यावर आई पुढे झाली आणि तिनं वरच्या लाकडाला आपला तळहात लावून धरला, कपाळ लागू नये म्हणून. त्या दिवशी कोणी विचारलं नव्हतं. तरी आई म्हणाली, “ये.”

मिशनची माणसं दुसऱ्या दिवशी चुन्याची पोती घेऊन आली. साथीचा मृत्यू होता, लांब नेणं शक्य नव्हतं. आमच्या मळ्याच्या बांधाला त्यांना पुरलं. काळी माती पावसानं इतकी चिकट झाली होती की कुदळीला लागून खड्ड्याबाहेर येईना. मिशनच्या वडीलधाऱ्यांनी त्यांच्या पुस्तकातलं वाचलं. आई चिखलात उभी राहून शेवटपर्यंत ऐकत होती. समजलं काहीच नसेल.

परत आल्यावर तिनं मला न्हाव्याकडे पाठवलं. न्हावी म्हणाला, “मास्तर, कोन गयं?” त्याला सगळं ठाऊक होतं, तरी विचारणं त्याचं काम होतं. मी म्हणालो, “घरचं माणूस.” त्यानं पाणी लावलं आणि डोकं भादरलं. आम्ही पुरतं सुतक पाळलं. रोट टोपलीभर होते. ते सुतकात खाता येत नव्हते आणि परक्याला देता येत नव्हते. माझ्या पत्नीनं ते नदीत सोडले. शाळेतली हिरवी पेटी मी परत आणून बाहेरच्या खोलीत तिच्या जागी ठेवली.

भाऊबंदांचे रोट तेव्हापासून वेगळे झाले. लग्नकार्याला बोलावणं येई, पण कानबाई काकांकडे बसू लागली ती तिथेच राहिली. आईनं त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. तिनं बाहेरची खोली पुन्हा कोणाला दिली नाही. दर पंधरा दिवसांनी ती सारवत असे. चौकटीवरचा गोधडीचा तुकडा तिनं एकदा बदलला.

मी पुस्तकांत रमणारा माणूस आहे. वाचलेलं पुष्कळ विसरलो, पण पुढच्या श्रावणातला तो रविवार विसरता येत नाही. काकांच्या घरी गाणी चालली होती. गल्लीतून नटलेल्या बाया आमच्या ओट्यासमोरून तिकडे जात होत्या. आई एकटीच बाहेरच्या खोलीच्या उघड्या दाराला पाठ लावून बसली होती. मी सवयीनं छत्री घेऊन शाळेकडे निघालो होतो, कशासाठी ते मलाही सांगता आलं नसतं. आईनं मला हाक मारली.

“बस, भाऊ,” ती म्हणाली. “औंदा तिले बाहेर जावानं काम नई.”